कापडाच्या भिंती, ॲल्युमिनियमचं छप्पर

कोलोरॅडोत किंवा युटात हमरस्ता सोडून कच्च्या वाटेला लागलं, की एखाद्या वळणावर एकटाच पिकअप ट्रक उभा दिसतो. त्याच्या हौद्यात एक बसकी पेटी बसवलेली असते आणि पेटीचा पुढचा भाग ड्रायव्हरच्या केबिनवर पुढे आलेला असतो. चालत्या गाडीत ही पेटी केबिनपेक्षा थोडीच उंच दिसते. मुक्कामाला पोचल्यावर मालक बाहेरच्या कड्या सोडतो, मागच्या दारातून वाकून आत शिरतो आणि छताला पाठ लावून ते वर रेटतो. छप्पर वर जाताना त्याच्याबरोबर चारी बाजूंनी कापड ताणलं जातं. पुढच्या आणि मागच्या बाजूची बिजागरीची फळी सरळ उभी राहते आणि छप्पर तिच्यावर टेकतं. आता सहा फुटी माणूस आत ताठ उभा राहू शकतो. केबिनच्या वरच्या भागात दोघांचा बिछाना, खाली शेगडी, बेसिन, फ्रिज आणि बसायला बाक. हा पॉप-अप ट्रक कॅम्पर.

नवा घ्यायचा तर किंमत वीस हजार डॉलरच्या पुढे जाते. एवढे पैसे मोजून भिंती कापडाच्या कशाला, हा प्रश्न प्रत्येक नवं गिऱ्हाईक विचारतं. विकणारा त्यावर वजनाचे आकडे पुढे करतो. आकडे खरेच असतात, पण त्यांच्यामागची गोष्ट दीडशे वर्षांची आहे. ही पेटी बांधणाऱ्यांनी ती वेळोवेळी भक्कम करत नेली, तशी ती जड होत गेली, आणि मग कोणीतरी पुन्हा कापड हातात घेतलं. कॅम्पर घेताना आणि सजवताना लोक जिथे चुकतात, त्या जागाही या वंशावळीत सापडतात. म्हणून ती नीट पाहायला हवी.

सुरुवात स्वयंपाकघरापासून झाली. १८६६ साली टेक्सासमधल्या चार्ल्स गुडनाइट या गुरांच्या व्यापाऱ्याने लष्कराच्या वापरातली एक जुनी स्टुडबेकर गाडी घेतली आणि तिच्या मागच्या टोकाला कप्प्यांची लाकडी पेटी ठोकली. पेटीचं झाकण खाली पाडलं की त्याचंच टेबल व्हायचं. कप्प्यांत पीठ, कॉफी, घेवड्याचे दाणे, भांडी, औषधं. महिनोन्‌महिने गुरं हाकत नेणाऱ्या गड्यांना या 'चकवॅगन'मुळे रोज गरम जेवण मिळू लागलं. झोपायचं मात्र उघड्यावरच. गाडीत फक्त सामान राहायचं, माणसं नाहीत.

माणसाला आत घेतलं ते मेंढपाळाच्या गाडीने. माझ्या मते पॉप-अप कॅम्परची खरी पणजी हीच. वायोमिंगमधल्या रॉलिन्स गावचा लोहार जेम्स कँडलिश याने १८८४च्या सुमारास अशी पहिली गाडी बांधली, असं सहसा मानलं जातं. त्या मुलखातल्या मेंढपाळाचं काम विलक्षण एकाकी होतं. हिवाळ्यात उघड्या माळावर हजारो मेंढ्या, एक माणूस आणि त्याचे कुत्रे. आपल्याकडे धनगरांचं बिऱ्हाड घोड्यांच्या पाठीवर चालतं, पण त्याच्याबरोबर बायकामुलं असतात, शेजारी दुसरी कुटुंबं असतात, चूल मांडणारे हात पुष्कळ असतात. वायोमिंगच्या मेंढपाळाजवळ यातलं कोणीच नसे. रसद घेऊन येणारा माणूस अधूनमधून फिरकायचा, तेवढाच मनुष्यसंपर्क. म्हणून त्याला असं घर हवं होतं, जे एकट्याने आवरता येईल, ज्यातल्या सगळ्या वस्तू बसल्या जागेवरून हाताला लागतील, आणि जे चारा संपला की घोडे जुंपून पुढे नेता येईल.

या गाडीची आतली मांडणी निरखून पाहण्यासारखी आहे. बिछाना एका टोकाला, गाडीच्या रुंदीत आडवा आणि उंचावर. त्याच्या खाली सामान. बिछान्याच्या खालून एक फळी बाहेर ओढली की ती जेवणाचं टेबल. दोन्ही बाजूंना बाक, आणि हे बाक चाकांच्या वर बाहेर काढलेले, कारण गाडीची मधली जागा चाकांमुळे अरुंद असते पण चाकांच्या वर रुंदी मोकळी मिळते. दाराजवळ लोखंडी शेगडी. दार आडवं दोन भागांत कापलेलं, म्हणजे वरचा भाग उघडून हवा घेता येते आणि खालचा बंद ठेवून कुत्रा आणि वारा बाहेर ठेवता येतो. वर लाकडी कमानी आणि त्यांच्यावर ताणलेलं कॅनव्हास. काही गाड्यांत थंडीसाठी दोन थरांच्या मध्ये घोंगडी घातलेली असे.

आता आजचा कोणताही पॉप-अप कॅम्पर उघडून पाहा. बिछाना एका टोकाला, आडवा, उंचावर. फक्त तो आता केबिनच्या टपावर गेला. रात्री बिछान्याची फळी पुढे ओढून तो लांब करतात. बाक आणि कपाटं चाकांच्या फुगीर भागाच्या वरच्या रुंदीत बसवलेली. शेगडी हाताशी, दार मागच्या टोकाला. वर कापड. बांधणाऱ्यांनी मेंढपाळाची गाडी समोर ठेवून नक्कल केली असं मला म्हणायचं नाही. चाकं, अरुंद हौदा, एक-दोन माणसं आणि थंडी, एवढ्या अटी मांडल्या की उत्तर जवळपास तेच येतं. वायोमिंगच्या माळावर मेंढपाळांची अशी चाकावरची घरं आजही वापरात आहेत. त्यात राहणारे बरेचसे मेंढपाळ आता हंगामी व्हिसावर पेरूहून आलेले असतात.

मोटार आल्यावर हौशी लोकांनी काय काय केलं, ते थोडक्यात सांगतो. १९१० साली पिअर्स-ॲरो कंपनीने श्रीमंतांसाठी अशी गाडी काढली की जिची मागची सीट उलगडून पलंग व्हायचा. १९१९ साली फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरात 'टिन कॅन टुरिस्ट्स' ही मोटारीने भटकणाऱ्यांची संघटना उभी राहिली. हेन्री फोर्ड, थॉमस एडिसन, टायरवाले हार्वी फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज हे चौघे त्याच दशकात उन्हाळी मुक्कामांना जात. बरोबर तंबू, नोकरचाकर आणि खास स्वयंपाकासाठी बांधलेली मोटार असे. १९२१ साली अध्यक्ष हार्डिंगही फोर्ड, एडिसन आणि फायरस्टोन यांच्याबरोबर येऊन राहिले. त्या सहलींची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली आणि मोटारीने रानात जाणं ही प्रतिष्ठेची गोष्ट झाली.

पण कॅम्परच्या दृष्टीने फोर्डने केलेलं मोठं काम वेगळं होतं. शेतकरी तोपर्यंत मॉडेल टी गाडीचा मागचा भाग कापून तिथे स्वतःच लाकडी खोका बसवत होते. ते पाहून कंपनीने १९२५ साली कारखान्यातूनच मागे पोलादी हौदा असलेली गाडी काढली. किंमत २८१ डॉलर. पिकअप ट्रक असा जन्माला आला. हौदा म्हणजे रिकामी जागा, तिथे गवत भरा, डुकरं भरा, नाहीतर घर ठेवा. आठवडाभर ट्रक शेतावर राबवायचा, सुटीत हौद्यात पेटी सरकवायची, आणि परत आल्यावर पेटी चार जॅकवर उचलून ट्रक खालून बाहेर काढायचा. मोटारहोमला हे जमत नाही, आणि मागे ओढायच्या कॅरव्हॅनला खडकाळ वाटेने नेता येत नाही.

दुसऱ्या महायुद्धाने या कथेला रस्ता दिला, आणि तोही अक्षरशः. जपानच्या भीतीने अमेरिकी लष्कराने १९४२ साली कॅनडातून अलास्कापर्यंत सुमारे २,७०० किलोमीटरचा रस्ता आठ महिन्यांत काढला. बांधणाऱ्या सैनिकांपैकी जवळजवळ एक तृतीयांश कृष्णवर्णीय होते. दलदल, बर्फ आणि डासांत त्यांनी केलेल्या कामाची दखल फार उशिरा घेतली गेली. १९४८ साली हा रस्ता सर्वसामान्यांना खुला झाला. तो खडीचा होता आणि वस्ती तुरळक होती. युद्धावरून परतलेल्या आणि हाताने काम करायला सरावलेल्या पिढीला तिथे जायचं होतं. गॅरेजात प्लायवूडच्या पेट्या तयार होऊ लागल्या. उंच, चौकोनी, भक्कम. समोरून वारा आला की गाडी डोलायची, वळणावर कलायची, पेट्रोल प्यायची.

कॅलिफोर्नियातल्या आर. डी. हॉल यांनी यावर जे उत्तर शोधलं, ते मला या इतिहासातलं सर्वांत बुद्धिमान काम वाटतं. त्यांनी एकात एक बसणाऱ्या दोन पेट्या केल्या. वरची पेटी खालचीवर उपडी घातल्यासारखी. कोपऱ्यांत हायड्रॉलिक दट्टे, पंप मारला की वरचा अर्धा भाग सरळ वर चढतो आणि भिंती लाकडाच्याच राहतात. १९५०च्या दशकात त्यांनी हे कॅम्पर विकायला काढले आणि नाव ठेवलं 'अलास्कन'. या पेटीत आतलं सगळं फर्निचर खालच्या अर्ध्या उंचीतच बसवावं लागतं, नाहीतर छप्पर खाली येणार नाही. वरची कपाटं नाहीत. पुढे कापडी कॅम्परनेही हीच शिस्त उचलली. अलास्कन कॅम्पर आजही वॉशिंग्टन राज्यात बनतात आणि त्यांचे मालक ते जिवापाड जपतात. दोष एकच, वजन. दोन थर भिंती आणि दट्टे, पंप, नळ्या. हॉल यांनी उंचीचा प्रश्न सोडवला, वजनाचा राहिला.

त्याच सुमाराला युरोपात दुसरी शाखा फुटली होती. इंग्लंडमधल्या फोकस्टन गावच्या मार्टिन वॉल्टर कंपनीने बेडफर्ड व्हॅनच्या टपाला एका बाजूने बिजागरी लावून ते उचलण्याची सोय केली आणि मध्ये पट्ट्यापट्ट्यांचं कापड शिवलं. ही डॉर्मोबिल. फोक्सवॅगनच्या व्हॅनवरची उघडमीट टपं याच वळणाची. कापड आणि कडक छप्पर यांचा संसार तिथे जमला, पण तो व्हॅनवर, डांबरी रस्त्यावर.

अमेरिकेत मात्र १९६०चं दशक जड कॅम्परचं होतं. सर्वांत प्रसिद्ध उदाहरण जॉन स्टाइनबेक यांचं. १९६०च्या शरद ऋतूत त्यांनी नवा जीएमसी पिकअप घेतला, त्याच्यावर मिशिगनमध्ये बनलेला वुल्व्हरिन कॅम्पर बसवला, डॉन किहोतेच्या घोड्यावरून गाडीचं नाव 'रोसिनान्ते' ठेवलं आणि चार्ली नावाच्या पूडल कुत्र्याला घेऊन ते देश पाहायला निघाले. १९६२ साली त्या प्रवासाचं पुस्तक आलं, आणि हौद्यातलं घर मध्यमवर्गाच्या स्वप्नात शिरलं. आपण गरजेपेक्षा कितीतरी जास्त सामान भरलं होतं, हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवलंय. कॅम्पर घेणाऱ्या प्रत्येकाने पुस्तकातली तेवढी पानं तरी वाचावीत. तो ट्रक कॅम्परसकट सलिनासच्या स्टाइनबेक केंद्रात ठेवला आहे आणि काचेतून आत डोकावता येतं. पुढे फोर्डने जादा पाटे आणि दणकट टायर लावून 'कॅम्पर स्पेशल' नावाचे ट्रकच विकायला काढले. म्हणजे पेटी हलकी करण्याऐवजी ट्रक मोठा केला.

हे सगळं उलटवणाऱ्या दोन घटनांपैकी एकीचा कॅम्परशी वरवर काहीच संबंध नाही. युरोपीय देशांनी अमेरिकी कोंबड्यांवर जकात लावली म्हणून अध्यक्ष जॉन्सन यांनी १९६३च्या डिसेंबरात प्रत्युत्तर दिलं, आणि त्यात परदेशी हलक्या ट्रकांवर २५ टक्के जकात बसली. पण हौदा नसलेला नुसता केबिन-चेसिस आणला तर जकात ४ टक्केच होती. १९८० साली ही पळवाट बुजवेपर्यंत जपानी कंपन्या बिनहौद्याचे छोटे ट्रक जहाजातून उतरवत आणि मागचा भाग अमेरिकेत चढवत. मागे मोकळा सांगाडा असलेल्या, कमी पेट्रोल पिणाऱ्या गाड्या अशा उपलब्ध झाल्या. १९७३ साली शिनूक कंपनीने टोयोटाच्या चेसिसवर छप्पर वर होणारं छोटं घर बांधलं, ते याच वाटेने. दुसरी घटना त्याच वर्षी ऑक्टोबरात घडली. अरब देशांनी तेल रोखलं, पंपांवर रांगा लागल्या, आणि मोठ्या गाडीचा मोठेपणा अंगावर आला. १९७६ साली शेवरलेने ब्लेझर जीपवर बसवलेलं 'शॅले' हे पॉप-अप मॉडेल काढलं, तेही शिनूककडूनच करवून घेऊन.

आणि १९७२ साली, तेलसंकटाच्या अगदी तोंडावर, कोलोरॅडोत फोर व्हील कॅम्पर्स ही कंपनी सुरू झाली. आजच्या पॉप-अप कॅम्परचा साचा बराचसा तिचा. कल्पना सरळ होती. फोर-बाय-फोर ट्रक जिथे जाऊ शकतो, तिथे त्याच्यावरची पेटीही जायला हवी. त्यासाठी लाकडी चौकटीऐवजी वेल्डिंग केलेली ॲल्युमिनियमची चौकट घेतली. खडकाळ वाटेवर पिकअपचा सांगाडा पिळवटतो, केबिन आणि हौदा वेगवेगळे हलतात. स्क्रूने जोडलेली लाकडी पेटी अशा वेळी सांध्यांत ढिली होते आणि ढिल्या सांध्यातून पाणी शिरतं. ॲल्युमिनियमची नळी थोडी लवते आणि परत जागेवर येते. भिंतींचा वरचा भाग कापडाचा केल्यामुळे वजन उतरलं, आणि ते उतरलं नेमकं उंचीवरचं, जिथे ते सर्वांत वाईट असतं. पूर्ण कडक भिंतींचा कॅम्पर सहज हजार-बाराशे किलोचा भरतो, असा कापडी कॅम्पर पाचशेच्या आसपास. पुढे ही कंपनी कॅलिफोर्नियातल्या वुडलंडला गेली, पण कोलोरॅडोत हॉलमार्क, आउटफिटर अशी इतर नावं उभी राहिली. हा डोंगराळ प्रदेशच अशा पेटीची मागणी करतो.

इथे एक कारण यंत्राबाहेरचं आहे, आणि ते फार महत्त्वाचं आहे. अमेरिकेच्या पश्चिमेत अफाट जमीन केंद्र सरकारच्या मालकीची आहे. जमीन व्यवस्थापन खात्याच्या ताब्यातच सुमारे २४ कोटी ५० लाख एकर आहेत, राष्ट्रीय वनं वेगळी. यातल्या बऱ्याचशा भागात कोणीही फुकट मुक्काम करू शकतो, साधारणपणे एका ठिकाणी चौदा दिवसांपर्यंत. नळ नाही, वीज नाही, शौचालय नाही. पाणी नेताही आपण आणि कचरा परत आणताही आपण. या मोकळिकीशिवाय पॉप-अप कॅम्परला अर्थच उरला नसता. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, पण त्यात ठरावीक जागी वीज-पाण्याची सोय असलेल्या कॅरव्हॅन पार्कचा विचार आहे, आणि आपली लोकसंख्या, जमिनीची मालकी आणि पावसाळा पाहता ते रास्तच आहे. कोकणातल्या जुलैत कापडी भिंती ओल्याच मिटायची वेळ आली, तर बुरशी यायला फार दिवस लागणार नाहीत.

आता खरेदीकडे येतो, कारण आम्ही कोलोरॅडोत राहणारी मराठी मंडळी एकमेकांना फोन करून विचारतो ते हेच. कोणतं मॉडेल घ्यावं? माझं उत्तर असतं, आधी ट्रकचं दार उघडा. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर एक पट्टी चिकटवलेली असते. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, ते त्या विशिष्ट गाडीसाठी तिथे छापलेलं असतं. समजा आकडा १,५०० पौंडांचा, म्हणजे ६८० किलो. कॅम्पर ५०० किलो. २० गॅलन पाणी, ७५ किलो. दोन माणसं, १४० किलो. बेरीज झाली ७१५, आणि अजून ना गॅस भरला, ना बॅटरी, ना तांदूळ. 'हाफ टन' म्हणून विकल्या जाणाऱ्या ट्रकांचं पुष्कळदा असंच होतं. कंपनी सांगते ते कॅम्परचं वजन कोरडं असतं. त्यात पाणी नसतं, आणि आपण निवडलेल्या जादा सोयी बहुधा नसतात. वजन कुठे बसतं हेही तितकंच महत्त्वाचं. भरलेल्या कॅम्परचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या थोडा पुढे पडायला हवा. तो मागे गेला तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग ऐकेनासं होतं. ट्रक कंपनीने आणि कॅम्पर कंपनीने ही माहिती द्यावी, असा अमेरिकेत १९७०च्या दशकापासून नियम आहे. ती पुस्तिका मागून घ्यावी. गाडी भरून झाल्यावर ट्रकवाल्यांच्या थांब्यावरच्या काट्यावर एकदा चढवावी, खर्च किरकोळ असतो.

आतल्या वस्तूंचीही आपापली घराणी आहेत. जुन्या कॅम्परमधला गॅसवर चालणारा फ्रिज हा १९२२ साली स्टॉकहोममधल्या फोन प्लाटेन आणि मुंटर्स या दोन विद्यार्थ्यांचा शोध. ज्योत लावून थंडावा मिळवायचा, यंत्रात हलणारा भागच नाही. पण गाडी कललेली असेल तर आतलं द्रव नीट वाहत नाही आणि फ्रिज निकामी होऊ शकतो. म्हणून जुने मालक आधी ट्रक सपाट करायला चाकाखाली फळ्या घालत. आता १२ व्होल्टवर चालणारे कॉम्प्रेसरचे फ्रिज आले, ते उतारावरही चालतात, पण त्यांना बॅटरी लागते. १०० अँपिअर-तासाची शिशाची बॅटरी तीस किलोच्या आसपास, लिथियमची साधारण बारा. इथे पैसे जास्त घालावेत, कारण अठरा किलो वाचतात. फक्त लिथियम बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करू नये, ती कायमची खराब होते. ती बाहेरच्या कप्प्यात न ठेवता आत उबेला ठेवावी. आणि गॅस असेल तर त्याचा अलार्म जमिनीलगत लावावा, कारण हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की तळाशी साचतो.

टपावर काय चढवायचं, यावर लोक सर्वांत कमी विचार करतात. सोलर पॅनल, वर सामानाची जाळी, तिच्यावर कयाक. पण ते छप्पर रोज पाठीने उचलायचं आहे. गॅसचे दट्टे मदत करतात, तरी त्यांनाही मर्यादा असते. एक पॅनल पुरतं. छप्पर खाली घेण्यातही रीत आहे. आधी दार किंवा खिडकी उघडी ठेवायची म्हणजे आतली हवा निघून जाते आणि कापड बाहेर फुगत नाही. मग एक बाजू थोडी, दुसरी थोडी, असं उतरवत कापड आत खेचायचं. कापडाची घडी कडीत सापडली तर तिथे भोक पडतं. हे हाताला बसायला वेळ लागतो.

थंडीतला खरा शत्रू गारठा नसून ओल आहे. दोन माणसं रात्रभर श्वास सोडतात, ती वाफ गार कापडावर जमते आणि पहाटे बिछान्यावर टिपकते. हीटर लावला तरी छताचा झरोका बोटभर उघडा ठेवावा लागतो. याच कारणासाठी आतला स्वयंपाक कमी करावा. आपल्या जेवणात तर फोडणी आहे. मोहरी तडतडली की तेलाचे थेंब आणि हिंगाचा वास कापडात कायमचा मुरतो. आम्ही हौद्याच्या मागे घडीचं टेबल मांडून बाहेरच रांधतो, गुडनाइटच्या चकवॅगनसारखं. आणि एक वस्तू मात्र मी वजनाची पर्वा न करता नेतो, ती म्हणजे तीन लिटरचा कुकर. तीन हजार मीटर उंचीवर पाणी नव्वद अंशांच्या आसपास उकळतं. उघड्या पातेल्यात तूरडाळ तासभर शिजवली तरी दाण्यात कणी राहते आणि तेवढ्यात निम्मा गॅस जळून जातो. कुकरात ती घरच्यासारखी होते. इथल्या कॅम्परवाल्यांना मी हे सांगतो तेव्हा त्यांना नवल वाटतं, पण ते कुकर घेतात.

या घराण्यात अलीकडे आणखी एक पिढी आली आहे. मोंटानातल्या गो फास्ट कॅम्पर्ससारख्या कंपन्या हौद्यावर नुसतं टोपण बसवतात, त्याचं छप्पर पाचरीसारखं एका टोकाने उघडतं, आत बिछाना आणि खाली रिकामा हौदा. बेसिन नाही, शेगडी नाही, कपाट नाही. वजन दीडशे किलोच्याही खाली. छोटा ट्रक असलेल्या तरुणांना परवडणारी ही गोष्ट आहे, आणि बाकीचं सगळं डब्यांत भरून नेता येतं. मला स्वतःला हिवाळ्यात आत बसून चहा घेता यावा असं वाटतं, म्हणून माझी निवड अजून जुन्याच पेटीची.

जुनी घ्यायची असेल, आणि पहिली पेटी जुनीच घ्यावी असं माझं मत आहे, तर चकाकी पाहू नये. पायथ्याच्या प्लायवूडला अंगठ्याने दाबून पाहावं, मऊ लागलं तर पाणी शिरलेलं आहे. छपराच्या कडेची सीलची रेघ तडकली आहे का, बघावं. हौद्याला पेटी आवळून धरणारे टर्नबकल जिथे अडकतात, ते चार नट खेचून पाहावेत. आत शिरून दार लावावं, छप्पर उचलावं आणि दुपारच्या उन्हात कापडाकडे बघावं. सुईच्या टोकाएवढी भोकं प्रकाशात लगेच दिसतात. भोकं असली म्हणून सौदा सोडायचं कारण नाही. कापड ही या पेटीतली बदलता येणारी गोष्ट आहे. बनवणाऱ्यांपैकी काहीजण जुन्या चौकटीवर नवं कापड चढवून देतात, आणि ते आधीच ठरवून टाकलं तर किमतीत तेवढी घासाघीस करता येते. चौकटीचं वेल्डिंग तुटलेलं असेल, तर मात्र परत फिरावं.